खुंटा पाय आणि कंडक्टरची शिट्टी

पत्र :

बाईंना नमस्कार.

मी बेळगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. एकतीस वर्षं सरकारी बसवर कंडक्टर होतो, आता घरी. आमच्या मराठी शाळेच्या पटांगणात, मिलिटरीतून रिटायर होऊन आलेल्या गावच्या पोरांनी वर्गणी काढून बास्केटबॉलचा खांब उभा केला. एकच. रिंग बसवली, नारळ फोडला आणि आपापल्या कामाला लागले. आता संध्याकाळी पंधरा-वीस मुलं जमतात, आठ वर्षांपासून पंधरापर्यंतची. माझ्याकडं शिट्टी आहे एवढ्यावरून त्यांनी मला पंच केलंय. मला कबड्डी सोडून दुसरा खेळ ठाऊक नाही.

रोज भांडण. “तीन पावलं झाली की रे!” “कुठं तीन? दोनच की!” तालमीत जाणारा एक पोरगा आहे, तो समोरच्याला सरळ कमरेत धरतो आणि वर म्हणतो, मी चेंडू धरला. माझी नात आठ वर्षांची. तिचा चेंडू रिंगपर्यंत पोचत नाही आणि मोठी पोरं तिला चेंडू देतही नाहीत. मुलानं मोबाइलवर नियम काढून दिले, तर त्यात तीन सेकंद, पाच सेकंद, आठ सेकंद, चोवीस सेकंद. त्यापेक्षा आमचे तिकिटाचे टप्पे बरे. यातला कुठला नियम आधी शिकवू? रेषेवर पाय पडला तर आत की बाहेर? आणि माझे गुडघे दुखतात, स्टुलावर बसून पंचगिरी केली तर चालते काय?

— एक कंडक्टर मामा

उत्तर :

मामा, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मला माझंच नोकरीचं दुसरं वर्ष आठवलं. मी खो-खोची खेळाडू. शाळेनं मुलींची बास्केटबॉलची टीम माझ्या गळ्यात बांधली तेव्हा मला त्या खेळातलं ‘चेंडू वरून टाकायचा’ एवढंच माहीत होतं. मी एक पुस्तक मिळवलं आणि पहिले चार दिवस मुलींना वर्गात बसवून फळ्यावर सगळे नियम लिहून दिले. मुलींनी पाढ्यांसारखे पाठ केले. तालुक्याच्या सामन्याला गेलो. मध्यांतरानंतर बाजू बदलतात, हेही त्यांना पाठ होतं. तरी आमच्यातल्या सगळ्यात चपळ पोरीनं चेंडू हातात येताच जी धाव घेतली ती थेट आपल्याच बास्केटकडं, आणि काय सुंदर टाकला म्हणता! चेंडू जाळीतून खाली आला आणि पंचानं दोन बोटं दाखवून ते दोन गुण समोरच्या टीमला दिले. चुकून आपल्याच बास्केटात गेला तर तो गुण समोरच्यांचा, हा नियमही माझ्या फळ्यावर नव्हता असं नाही. पोर रडली, मीही घरी येऊन रडले. तेव्हापासून मी कुणाला नियमांची यादी देत नाही. तुम्हालाही देणार नाही. मुलाला सांगा, तो मोबाइलवरचा कागद राहू दे कपाटात.

एक नियम घ्या. चेंडू हातात घेऊन पळायचं नाही. बाकीचे बहुतेक नियम त्याचीच पोरंबाळं आहेत, आणि तसं का आहे ते मुलांना गोष्टीसारखं सांगता येतं. जेम्स नेस्मिथ नावाचा मूळचा कॅनडाचा एक मास्तर अमेरिकेत स्प्रिंगफील्ड या गावी व्यायामशिक्षक होता. १८९१ सालचा डिसेंबर, बाहेर बर्फ, आणि अठरा दांडगे विद्यार्थी हॉलमध्ये कोंडलेले. त्यांना खेळवायचं कसं? मैदानावरचे खेळ हॉलमध्ये खेळवून पाहिले तर हातपाय मोडायची वेळ. मग हा मास्तर विचार करत बसला, की माणसं एकमेकांना धरून पाडतात ती का? तर समोरचा चेंडू घेऊन पळतो म्हणून. पळायचंच बंद केलं तर धरायचं कारणच उरत नाही.

मामा, तुम्ही कबड्डीवाले, तुम्हाला हे चटकन पटेल. कबड्डीत पळणारा आहे म्हणून पकड आहे. इथं पळणारा नाही, म्हणून पकडही नाही. तुमच्या तालमीतल्या गड्याला ‘धरू नको’ असं दहा वेळा सांगण्यापेक्षा हे एकदा सांगा. तो हुशार असणार, तालमीतली पोरं डोक्यानं मंद असतात हा शहरातल्यांचा गैरसमज आहे.

नेस्मिथनं हॉलच्या सज्जाच्या कठड्याला पीच नावाच्या फळाच्या दोन टोपल्या ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट होता, म्हणून टोपली दहा फुटांवर, आणि आज साऱ्या जगात रिंग ३.०५ मीटरवर आहे ती त्याच कठड्यामुळं. टोपली आडवी आणि डोक्याच्या वर का, याचंही कारण होतं. गोल समोर उभा असला की पोरं चेंडू दात-ओठ खाऊन मारतात. आडव्या टोपलीत चेंडू पाडायचा तर हलक्या हातानं, कमान करून टाकावा लागतो. त्याच्या लहानपणी त्याच्या गावात आपल्या लगोरीसारखा मोठ्या दगडावरचा दगड पाडायचा एक खेळ होता, तिथं त्याला ते उमगलं होतं. पहिला सामना नऊ-नऊ जणांचा झाला आणि तो फुटबॉलच्या चेंडूनं झाला. त्यामुळं तुमच्याकडं एखाद्या दिवशी बास्केटबॉल पंक्चर असला तर फुटबॉल घेऊन पासिंग खेळा, मूळ पुरुषानं तेच केलंय.

मूळ तेरा नियमांत ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत नेणं, नव्हतंच. जिथं झेलला तिथूनच दुसऱ्याकडं टाकायचा. माझा पहिला सल्ला हाच, की पहिला आठवडाभर तुमच्या मैदानावर ड्रिबल बंद. फक्त पास. मोठी पोरं कुरकुर करतील, करू द्या. आणि एक गावठी नियम घाला : रिंगकडं टाकायच्या आधी टीममधल्या प्रत्येकाच्या हातात चेंडू आला पाहिजे. हा कुठल्याही पुस्तकात नाही, पण तुमच्या नातीला चेंडू देण्यासाठी पोरांना विनवत बसायला नको. तिला दिल्याशिवाय बास्केटच मोजायचं नाही म्हटल्यावर तीच पोरं “ए, इकडं बघ की, घे!” म्हणून ओरडतील.

आता पावलांचं भांडण. यावर जरा जास्त बोलते, कारण लहान मुलांच्या खेळात निम्म्या शिट्ट्या याच वाजतात.

चेंडू झेलून मूल उभं राहिलं की त्याचा एक पाय खुंटा होतो. जात्याचा खुंटा घ्या किंवा शेळी बांधायचा, मुलांना जो दिसतो तो. दुसरा पाय कितीही वेळा, कुठंही टाका, पुढं, मागं, गर्रकन फिरा, पण खुंटा उपटायचा नाही. खुंटा कुठला हे मूलच ठरवतं. दोन्ही पाय टेकून झेलला असेल तर जो पाय आधी उचलला तो मोकळा, राहिला तो खुंटा. नंतर मन बदललं तरी पाय बदलता येत नाही. इंग्रजी शब्द मुलं पुढं शिकतीलच, माझ्या मुली ‘खुंटा पाय’च म्हणायच्या आणि जिल्ह्याला जाऊनसुद्धा तेच म्हणायच्या.

खुंटा उचलता येतो, पण दोन अटींवर. पास करायचा किंवा रिंगकडं टाकायचा असेल तर खुंटा उचलून उडी मारा, मात्र कुठलाही पाय पुन्हा जमिनीला टेकायच्या आत चेंडू हातातून गेला पाहिजे. आणि ड्रिबल सुरू करायचा असेल तर उलट, आधी चेंडू हातातून सुटला पाहिजे, मगच खुंटा उचलायचा. लहान मुलं इथंच चुकतात. आधी पळतात, मग आपटतात.

हे बघायची एक युक्ती सांगते. आपल्याकडं जून ते सप्टेंबर मैदान कधी धड कोरडं नसतं, त्याचा फायदा घ्या. पाऊस थांबून तासभर झाला, तांबडी माती ओलसर आहे पण चिखल नाही, अशा वेळी मुलांना बूट-चपला काढून उभं करा आणि चेंडू देऊन खुंट्यावर फिरायला लावा. खुंटा नीट राहिला असेल तर चवड्याखाली वाटीएवढा गोल खळगा पडतो, कडेला माती थोडी वर आलेली, भोवरा फिरून गेल्यासारखी. पाय घसटला असेल तर त्या गोलाला शेपूट फुटतं. “बघ, तुझ्या खळग्याला शेपूट आहे” असं म्हटलं की वाद संपतो. मी अशा शेपटांवर अर्धा-अर्धा तास घालवलाय. मुलं स्वतःच खाली बसून एकमेकांचे खळगे तपासतात आणि मोठ्या तोऱ्यात निकाल देतात.

हे झालं उभ्यानं. पळत असताना झेलला किंवा ड्रिबल संपवून चेंडू दोन्ही हातांत घेतला, तर दोन पावलं मिळतात, आणि दुसरं पाऊल टाकून पुन्हा पाय टेकायच्या आत चेंडू सोडायचा. मुलांना तोंडानं म्हणायला लावा : “एक, दोन, सोड!” तुमची ‘तीन की दोन’ ही भांडणं बहुधा मोठी पोरं मोबाइलवर परदेशी सामने बघून आणत असणार. त्यांचंही अगदीच चूक नाही. चेंडू हातात घेताना जो पाय जमिनीवर असतो तो मोजायचा नाही, हे २०१७ पासून आंतरराष्ट्रीय नियमातही स्पष्ट झालंय. त्यामुळं डोळ्यांना तीन दिसतात, नियमानं दोन असतात. पण आठ-दहा वर्षांच्या मुलांना हे सांगत बसू नका. त्यांच्यासाठी दोन म्हणजे दोन. पंधरा वर्षांच्यांना सांगा, आणि त्यांच्याशी हुज्जत पडली तर ती मैदानाबाहेर घाला.

दुसऱ्या आठवड्यात ड्रिबल आणा. त्यात तीनच गोष्टी बघा. एका वेळी एकच हात. हाताचा तळवा चेंडूच्या वर, खाली घेऊन पापड उचलल्यासारखा उचलायचा नाही. आणि ड्रिबल एकदा थांबवला की संपला, पुन्हा सुरू नाही. ही शेवटची गोष्ट मुलांना अन्यायाची वाटते. त्यांना विचारा, की कबड्डीत श्वास एकदा सुटल्यावर परत घेऊन ‘कबड्डी कबड्डी’ म्हणता येतं का? ड्रिबल म्हणजे इथला दम. सुटला की संपला.

आता तुमचा तालमीतला गडी. इथं मी तुमच्याच भाषेत बोलते. बस स्टँडला गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायचे, आणि मग तुमच्यापुढं भांडण यायचं : रुमाल आधी की माणूस आधी? बास्केटबॉलमध्ये रुमाल चालत नाही. ज्याचे दोन्ही पाय आधी त्या जागेवर टेकले आणि जो समोरच्याकडं तोंड करून उभा आहे, जागा त्याची. मग चेंडूवाला येऊन त्याच्या छातीवर आदळला तर चूक चेंडूवाल्याची. पण बचाव करणारा उशिरा आला, वाटेत नुसता हात घातला, कंबर पुढं केली, पाय आडवा टाकला, तर तो रुमाल झाला. चूक त्याची. प्रत्येकाची जागा त्याच्या अंगाएवढी, आणि वर आभाळापर्यंत. दोन्ही हात सरळ वर करून उभं राहा, कुणी काही म्हणणार नाही. हात समोरच्याच्या डोक्यावर झुकवले की आपण त्याच्या सीटवर बसलो.

त्या पोराला हिणवू नका. कमरेत वाकून, गुडघे दुमडून, पवित्रा घेऊन सरकणं त्याला येतं, आणि बास्केटबॉलच्या बचावात हेच तर लागतं. बाकीच्या पोरांना ते शिकवायला मला महिने लागायचे. त्याचे फक्त हात आवरायचे आहेत. त्याला एक पंचा द्या. मानेमागून घेऊन दोन टोकं दोन्ही मुठींत धरायची आणि तसंच समोरच्यापुढं आडवं सरकत राहायचं, हात न वापरता त्याची वाट अडवायची. रोज दहा मिनिटं. दोन आठवड्यांनी पंचा काढा, हात आपोआप जागेवर राहतात. आणि दोघांनी एकाच वेळी चेंडू घट्ट धरून ओढाओढ सुरू केली की लगेच शिट्टी. त्या ओढाओढीत नखं लागतात, बोटं मुरगळतात. एका रिंगच्या खेळात अशा वेळी चेंडू बचाव करणाऱ्या टीमला द्यायचा असतो.

एक रिंग आहे म्हणून कमीपणा मानू नका. तीन विरुद्ध तीन आणि एक रिंग हा आता स्वतंत्र खेळच आहे, टोकियो ऑलिम्पिकपासून त्याला पदकही आहे. पाच-पाच जणांचा पूर्ण सामना २८ बाय १५ मीटरच्या मैदानावर होतो, चार डाव, प्रत्येकी दहा मिनिटं. तुमच्या पटांगणात तो मावलाच तर ध्वजस्तंभ मधे येईल. तीन-तीन खेळवा. टॉस करा. रिंगभोवती एक कमान आखा. खुंटा इथंही कामाला येतो, तो रिंगच्या बरोबर खाली ठोका, सुतळी बांधा, टोकाला फक्कीची पिशवी धरून फिरा. मोठ्यांच्या खेळात ती कमान पावणेसात मीटरवर असते, तुमच्यासाठी चार-साडेचार पुष्कळ. कमानीच्या आतून गेला तर एक गुण, बाहेरून गेला तर दोन. पाच-पाचच्या सामन्यात हेच दोन आणि तीन होतात. दहा मिनिटं किंवा आधी २१ गुण, जे आधी होईल ते. चेंडू एका टीमकडून दुसरीकडं गेला की आधी कमानीबाहेर न्यायचा, मग हल्ला. हा नियम मुलं विसरतात आणि रिंगखालीच कोंबडीझुंज सुरू होते. तुम्ही कमानीकडं हात करून ओरडा, ‘बाहेर, बाहेर!’ एवढं पुरे. एका टीमला एक राखीव खेळाडू. पंधरा-वीस मुलं म्हणजे चार-पाच टीम झाल्या. हरेल त्यानं बाहेर बसायचं, पण प्रत्येक टीममध्ये एक लहान मूल पाहिजेच, टीम करतानाच बघा.

फाऊल मोजायचं लहान मुलांत फार मनावर घेऊ नका. पूर्ण सामन्यात एकाचे पाच झाले की तो बाहेर जातो. तुमच्याकडं तिसऱ्याला दोन मिनिटं बसवा आणि परत घ्या. रिंगकडं टाकत असताना कुणी हात मारला तर एक फ्री थ्रो द्या, मोकळेपणानं, समोर कुणी न उभं राहता. चार मीटरवर एक छोटी रेघ ओढा त्यासाठी.

रेषेचं तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. आपल्या खेड्यापाड्यांत व्हॉलीबॉल रुजलाय, तिथं चेंडू रेषेवर पडला तर आत. इथं उलटं. रेषा म्हणजे बाहेर. पाय रेषेला लागला, बाहेर. कमानीलाही तेच, पाय रेघेवर असला तर दोनऐवजी एकच. मात्र माणूस हवेत असेल तर तो जिथून उडाला तिथलाच धरतात. म्हणून मैदानातून उडी मारून, रेषेबाहेर पडायच्या आत हवेतूनच चेंडू परत आत फेकता येतो. हे मुलांना एकदा दाखवा. दुसऱ्या दिवशीपासून सगळी पोरं विनाकारण रेषेबाहेर उड्या मारतील, त्याला इलाज नाही.

सेकंदांपैकी तीन सेकंदांचा नियम तेवढा उचला. हल्ला करणाऱ्या टीमचा खेळाडू रिंगसमोरच्या आयतात तीनपेक्षा जास्त सेकंद ठाण मांडू शकत नाही. तुमच्यातला सगळ्यात उंच पोरगा रिंगखाली उभा राहून ‘दे, दे’ करत असेल ना? त्याच्यासाठीच आहे तो. आठ सेकंद अर्ध्या मैदानात लागूच होत नाहीत. चोवीस सेकंद पूर्ण मैदानाचे, तीन-तीनच्या खेळात ते बारा असतात, आणि दोन्हींना घड्याळ लागतं. कुणी चेंडू घेऊन फारच रेंगाळला तर मोठ्यानं पाचपर्यंत मोजा.

आता नात. आधी चेंडू बघा. हवा भरायच्या तोंडाजवळ आकडा छापलेला असतो. मिलिटरीतल्या पोरांनी आणलाय म्हणजे बहुतेक ७ असेल, तो सहाशे ग्रॅमच्या आसपास असतो. बारा वर्षांखालच्या मुलांना ५ नंबरचा लागतो, घेर सत्तर सेंटिमीटरच्या आसपास, वजन अर्ध्या किलोच्या आत. वर्गणीतले पैसे उरले असतील तर आधी हा घ्या. दुसरी गोष्ट उंची. लहानांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग ३.०५ वर नसते, २.६० मीटरवर असते, म्हणजे साडेआठ फूट. त्याच खांबाला खाली क्लॅम्प बसवून बोर्ड वर-खाली करता येईल असं गावातला वेल्डर करून देईल. तोवर तिच्यासाठी नियम करा, चेंडू जाळीला खालून जरी लागला तरी एक गुण. आणि तिला रिंगखाली उभी करून एकदा वर बघायला सांगा. रिंगचा व्यास पंचेचाळीस सेंटिमीटर, तिच्या चेंडूचा बावीसच्या जवळपास. दोन चेंडू शेजारी शेजारी जवळजवळ मावतात एवढी जागा आहे तिथं. खालून ते अजिबात वाटत नाही, माझ्या मुलींना मी स्टुलावर चढवून दाखवायची. फेकताना हात छातीपासून न ढकलता आधी गुडघे वाकवायचे, जोर तिथून येतो. आठ वर्षांच्या मुलीनं दोन्ही हातांनी टाकला तरी कुणी हसू नये, हसलंच तर एक फेरी पळायला लावा.

खांबाला काही गुंडाळलंय का? नसेल तर डेपोतल्या ओळखीवर एखादं बाद टायर मिळतंय का बघा, कापून खांबाभोवती बांधा, डोक्याच्या उंचीपर्यंत. हे खरं तर मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

शिट्टीचं म्हणाल तर तुमची एकतीस वर्षांची सवय थोडी मोडावी लागेल. तुमच्यात एक शिट्टी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. इथं फक्त थांबायची शिट्टी असते. एकच, आणि जोरात. पुन्हा सुरू करायला चेंडू हातात दिला की झालं. शिट्टीबरोबर हात वर करायची सवय लावा. मूठ मिटून वर केली तर फाऊल, बोटं जुळवून पंजा उघडा वर केला तर नुसती चूक. मग चूक कुठली ते दाखवायचं. पावलं झाली असतील तर दोन्ही मुठी छातीसमोर एकमेकींभोवती फिरवा, रहाटासारख्या. ड्रिबल दोनदा झाला तर दोन्ही पंजे आलटून-पालटून वर-खाली करा. तीन सेकंद झाले तर तीन बोटं पुढं करा.

हे हातवारे आपल्या भागात फार उपयोगी पडतात. तालुक्याला, जिल्ह्याला पोरं गेली की पंच कधी मराठी बोलणारा असतो, कधी कन्नड. खेड्यातल्या मराठी शाळेतलं पोर कन्नड ऐकून गांगरतं, आणि शहरातल्या कन्नड शाळेतलं आमच्या गावच्या पंचापुढं गांगरतं. माझ्या मुलींना “निल्लु!” ऐकून धडकी भरायची, आणि त्याचा अर्थ नुसता ‘थांब’ एवढाच. हात दोन्हीकडं सारखेच हलतात. तुम्हाला बसमुळं दोन्ही भाषा येतात. निकाल देताना आलटून-पालटून दोन्हींत द्या, पोरांच्या कानाला सवय होऊ दे.

स्टुलावर बसून चालतं. नेहमीचे पंच पळतात, पण एका रिंगच्या खेळाला एका कोपऱ्यातून सगळं दिसतं. कमानीचं टोक मागच्या रेषेला जिथं मिळतं तिथं बसा, खुंटा पायही दिसेल आणि रेषाही. फक्त स्टूल रेषेच्या बाहेर ठेवा. मैदानात असताना चेंडू पंचाला लागला तर खेळ चालूच राहतो, आणि मग वीस पोरं तुमच्या मांडीवरचा चेंडू घ्यायला धावतील. रेषेबाहेर असताना लागला तर चेंडू बाहेर. शिट्टी वाजवा, गुडघा चोळा आणि ज्यांच्याकडून आला त्यांच्या विरुद्ध टीमला चेंडू द्या.